जुना विनोद, नवी आवृत्ती

जे एकदा गिऱ्हाइकाच्या पसंतीस उतरले, ते थोड्या फरकाने पुन्हा दुकानात मांडावे, हा विचार कोणत्याही व्यापाऱ्याला नवा नाही. माल तोच, पुडी नवी. कधी गिऱ्हाईक संतुष्ट होऊन परतते, तर कधी पहिल्याच घासाला ओळखते की यात पूर्वीची चव उरलेली नाही. चित्रपटाच्या धंद्यातही हा व्यवहार फार जुना आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे छोटे विनोदपट निघाले, त्यांतील कित्येक त्याच निर्मात्यांनी, पुष्कळदा त्याच नटांना घेऊन, पुन्हा काढले. हे लघुपट आजही सुट्टीच्या दिवशी घरोघरी आवडीने पाहिले जातात. त्यांच्या नव्या आवृत्त्या मुळापेक्षा सरस ठरल्या की उणावल्या, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीवर सोडून देण्याची गरज नाही. काही जोड्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या, तर नव्या आवृत्तीने मुळात भर केव्हा घातली आणि केव्हा मूळ भांडवलच खाल्ले, हे बऱ्याच अंशी सांगता येते.

या विनोदाला ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात. तो शब्द रंगभूमीवरच्या एका साधनावरून आला आहे. दोन पातळ लाकडी पट्ट्या एका टोकाला जोडून केलेली ही काठी अंगावर मारली की आवाज मोठा होई, पण लागत मात्र थोडेच असे. धडपडणे, आपटणे, मार खाणे आणि पुन्हा उठून उभे राहणे, हा या विनोदाचा सगळा संसार. कथा नावापुरती असते. त्यामुळे अशा चित्रपटाची पुनर्निर्मिती वरवर पाहता फार सोपी वाटते. पडणारा नट आणि पडण्याची जागा मिळाली की काम झाले, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही.

त्या काळी हे लघुपट मुख्य चित्रपटाच्या आधी जोड म्हणून दाखवले जात. बहुतेक दोन रिळांचे, म्हणजे सुमारे वीस मिनिटांचे असत. काही दिवस चालले की ते पडद्यावरून जात आणि सामान्य प्रेक्षकाला पुन्हा पाहायला मिळण्याची शाश्वती नसे. अशा स्थितीत आठ-दहा वर्षांपूर्वीची कल्पना पुन्हा वापरली, तर ती ओळखणारे थोडेच निघत. त्यातच १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आला आणि मूकपटांची बाजारातील किंमत झपाट्याने घसरली. निर्मात्यांच्या हाती चांगल्या कल्पनांचा साठा होता, पण त्या कल्पना ज्या चित्रपटांत होत्या, ते आता कोणी मागत नव्हते. हॉलिवूडचे निर्माते हॅल रोच यांच्या संस्थेने या साठ्याकडे पुन्हा वळावे, हे स्वाभाविकच होते. मराठी प्रेक्षक ज्यांना प्रेमाने जाड्या-रड्या म्हणत आला, ते ऑलिव्हर हार्डी आणि स्टॅन लॉरेल याच संस्थेत काम करीत होते.

त्यांचा १९२७ सालचा मूकपट ‘हॅट्स ऑफ’ हे यातील सर्वांत बोलके उदाहरण. दोघे कपडे धुण्याचे यंत्र विकायला निघालेले फिरते विक्रेते आहेत. लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागातील एका लांबलचक जिन्याच्या माथ्यावरून एक बाई त्यांना हाक मारते. दोघे ते जड यंत्र ओढत वर नेतात, आणि बाईंना हवे असते ते इतकेच की त्यांचे पत्र पेटीत टाकावे. अखेरीस रस्त्यावर टोप्यांवरून भांडण जुंपते, येणारे-जाणारे त्यात ओढले जातात आणि यंत्र रस्ता दाबणाऱ्या रोलरखाली चिरडते. फिरत्या विक्रेत्याची ही फजिती ज्याने दारोदार माल नेला आहे, त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

पाच वर्षांनी, १९३२ साली, हाच जिना ‘द म्युझिक बॉक्स’ या बोलपटात पुन्हा दिसला. दिग्दर्शक होते जेम्स पॅरट. आता यंत्राच्या जागी खोक्यात बंद केलेला पियानो आला होता, आणि विक्रेत्यांच्या जागी माल पोहोचवणारे हमाल. बदल लहान वाटतो, परंतु त्याने विनोदाचा पायाच बदलला. विकाऊ यंत्र वर नेणारा माणूस नफ्यासाठी श्रम करतो. ते फसले तर त्याचा सौदा बुडतो, एवढेच. पियानो मात्र विकला गेलेला आहे. तो पोहोचवणे हे या दोघांनी पत्करलेले काम आहे आणि ते सोडून देण्याची मुभा त्यांना नाही. एका पत्नीने पतीला वाढदिवसाची भेट म्हणून तो घेतलेला आहे, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. दोघांची जिद्द त्यामुळे मूर्खपणाची असूनही आदर वाटावा अशी होते.

दुसरा लाभ आवाजाचा. मूकपटातील यंत्र जिन्यावरून घसरताना केवळ दिसत असे. पियानो घसरतो तेव्हा खोक्याच्या आतून त्याच्या तारा झणझणतात. प्रत्येक पायरीचा धक्का ऐकू येतो आणि वस्तू आतून खिळखिळी होत आहे, हे डोळ्यांआधी कानांना कळते. बोलपट आला म्हणून पात्रांच्या तोंडी भाराभर संवाद घालणारे त्या काळी पुष्कळ होते. येथे आवाज ओझ्याला दिला गेला. पुढे टपालवाला येऊन सांगतो की वळसा घालून गाडी थेट वर नेता आली असती. तेव्हा दोघे वर पोहोचवलेला पियानो पुन्हा खाली उतरवतात आणि गाडीत घालून रस्त्याने वर आणतात. या एका प्रसंगात त्या दोघांचा स्वभाव जितका उलगडतो, तितका शंभर आपटण्यांतून उलगडला नसता. चित्रपटाला लघु विनोदपटाचे ऑस्कर मिळाले. त्या वर्गातील ते पहिलेच होते. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. १३३ पायऱ्यांचा तो जिना आजही तेथे आहे आणि चित्रपटाच्याच नावाने ओळखला जातो.

याच कल्पनेची आणखी एक आवृत्ती निघाली, हे फार थोड्यांना माहीत असते. ‘हॅट्स ऑफ’चे मूळ दिग्दर्शक हॅल येट्स यांनी १९४५ साली ‘इट्स युवर मूव्ह’ हा लघुपट काढला. जिना तोच, धुण्याचे यंत्र परत आले आणि नट होते एडगर केनेडी, जे स्वतः या विनोदातले मुरलेले कलावंत. आवाजाची सोयही होतीच. तरी आज त्या लघुपटाची आठवण अभ्यासकांपलीकडे कोणी काढत नाही. तीच जागा, तीच वस्तू आणि खुद्द मूळ दिग्दर्शक असूनही पुनर्निर्मिती आपोआप फळत नाही, याचा हा चोख पुरावा.

लॉरेल-हार्डींच्या दुसऱ्या एका जोडीतूनही हेच दिसते. १९२९ चा ‘अँगोरा लव्ह’ हा त्यांचा शेवटचा मूकपट. त्यात एक शेळी त्यांच्या मागे लागते आणि भाड्याच्या खोलीत तिला घरमालकापासून लपवण्याची त्यांच्यावर पाळी येते. १९३१ साली हीच कथा ‘लाफिंग ग्रेव्ही’ या नावाने बोलपटात आली. तेव्हा शेळीच्या जागी लहानसा कुत्रा आला आणि बाहेर कडाक्याचा हिमवर्षाव आला. शेळी ही न मागता गळ्यात पडलेली पीडा होती. तिला लपवण्यात गंमत होती, पण ती निघून गेली असती तर प्रेक्षकाला हळहळ वाटली नसती. कुत्रा मात्र या दोघांचा लाडका आहे आणि मालक त्याला बर्फात हाकलून देतो. मुक्या प्राण्याला थंडीत मरू द्यायचे नाही, एवढ्यासाठी हार्डी झोपण्याच्या कपड्यांत बाहेर कुडकुडतो. हसता हसता प्रेक्षकाच्या मनात करुणा जागी होते आणि त्या करुणेमुळे हसू अधिक खोल जाते. पुढच्याच वर्षी ‘द चिंप’मध्ये खोलीत प्राणी लपवण्याची युक्ती तिसऱ्यांदा आली. या खेपेस सर्कशीतली चिंपांझी होती. गंमत पुष्कळ आहे, परंतु बर्फातल्या त्या कुत्र्याने मनाला लावलेला चटका तेथे नाही.

कधी मूळ कृतीत योग्य नट चुकीच्या जागी असतात आणि नवी आवृत्ती ती चूक दुरुस्त करते. १९२७ च्या ‘लव्ह एम अँड वीप’मध्ये जुन्या प्रेमप्रकरणावरून धमकावला जाणारा प्रतिष्ठित गृहस्थ जेम्स फिन्लेसन यांनी रंगवला होता. लॉरेल त्याचा साहाय्यक होता, आणि हार्डीच्या वाट्याला जेवणाला आलेल्या पाहुण्याची किरकोळ भूमिका आली होती. १९३१ च्या ‘चिकन्स कम होम’मध्ये हार्डी मुख्य जागी आला आणि फिन्लेसन घरातला नोकर झाले. अब्रू जपण्यासाठी घामाघूम होणारा हार्डी आणि त्याला मदत करता करता अधिकच अडचणीत आणणारा लॉरेल, ही जोडी जुळताच कथेला तिचा खरा आधार मिळाला.

याच चित्रपटाची स्पॅनिश आवृत्तीही त्याच साली निघाली. त्या काळी संवाद दुसऱ्या भाषेत भरण्याची सोय नीट रुळलेली नव्हती, म्हणून लॉरेल-हार्डी परक्या भाषेतील संवाद उच्चारांवरून म्हणत आणि सगळे प्रसंग नव्याने चित्रित होत. ‘पोलितिकेरियास’ ही स्पॅनिश आवृत्ती सुमारे तासाभराची करण्यात आली. त्यासाठी मेजवानीच्या प्रसंगात रंगमंचावरचे खेळ घातले गेले. हाजी अली नावाचा एक कलावंत पाणी आणि रॉकेल पोटात घेऊन ते हवे तसे बाहेर काढून दाखवतो. खेळ चकित करणारा आहे, पण तो चालू असेपर्यंत हार्डीची कुचंबणा बाजूला पडते. तराजूत वजन वाढले, तरी दाणा तेवढाच राहिला.

येथवरची उदाहरणे मेहनतीने केलेल्या पुनर्निर्मितीची होती. कोलंबिया कंपनीतील थ्री स्टुजेस या त्रिकुटाची कहाणी वेगळी आहे. १९३४ पासून त्यांनी कोलंबियासाठी १९० लघुपट केले. त्यांपैकी १९४० चा ‘अ प्लंबिंग वी विल गो’ हा उत्कृष्ट म्हणून गणला जातो. नळकामातले काहीही न कळणारे तिघे एका श्रीमंत घरात दुरुस्तीला शिरतात. कर्ली न्हाणीघरात पाइपामागून पाइप जोडत स्वतःभोवती पिंजरा उभा करतो. पाण्याचे पाइप विजेच्या तारांच्या नळ्यांना जोडले जातात आणि दिव्याच्या बल्बमध्ये पाणी भरते. स्वयंपाकी डडली डिकरसन यांच्या शेगडीतून कारंजे उडते. त्या काळी नवलाईचा असलेला दूरचित्रवाणी संच यजमानीण कौतुकाने पाहुण्यांना दाखवते, पडद्यावर नायगारा धबधबा येतो आणि खरे पाणी पाहुण्यांच्या अंगावर कोसळते. एकातून दुसरे अनर्थ निघत जाण्यात येथे एक कठोर तर्क आहे.

१९४६ मध्ये कर्ली आजारी पडला आणि त्याच्या जागी त्याचा थोरला भाऊ शेम्प आला. १९४९ च्या ‘व्हॅगाबाँड लोफर्स’मध्ये नळकामाचा तोच प्रसंग शेम्पला घेऊन पुन्हा केला गेला. त्याला चित्रचोरीची एक उपकथा जोडली आणि डिकरसन यांची १९४० मधील काही दृश्येही वापरली. शेम्प हा कर्लीची नक्कल करणारा नव्हता. त्याची घाबरगुंडी वेगळी आणि बडबड वेगळी. त्यामुळे ही आवृत्ती मुळापेक्षा सरस नसली, तरी स्वतःच्या पायांवर उभी राहते.

तिसऱ्या आवृत्तीचा प्रकार मात्र मनाला बोचणारा आहे. २२ नोव्हेंबर १९५५ रोजी शेम्पचे निधन झाले. करारानुसार त्या वर्षाचे चार लघुपट अजून द्यायचे होते. निर्माते-दिग्दर्शक ज्यूल्स व्हाइट यांनी १९४९ चे चार लघुपट काढले, त्यांतील शेम्पची दृश्ये उचलली, मो आणि लॅरी यांच्यासह थोडे नवे चित्रण केले आणि जेथे नव्या दृश्यात शेम्प हवा होता, तेथे जो पाल्मा या नटाला पाठमोरा उभा केला. कधी त्याचा चेहरा हातातल्या वस्तूआड गेला, कधी दाराआड. ‘व्हॅगाबाँड लोफर्स’वरून बेतलेला ‘स्कीमिंग स्कीमर्स’ हा त्या चौघांपैकी एक. १९५६ साली हे चारही चित्रपटगृहांत गेले. ज्या मोने पडद्यावर हसवायचे, त्याचा सख्खा भाऊ दोन महिन्यांपूर्वी गेला होता, आणि चित्रपटात त्या भावाची सात वर्षांपूर्वीची छबी त्याच्याशेजारी बोलत होती.

निर्मात्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. लघुपटांचा बाजार तेव्हा आटत चालला होता. बहुतेक कंपन्यांनी त्यांची निर्मिती बंद केली होती आणि कोलंबियाने ती चालू ठेवली म्हणून मो आणि लॅरी यांना काम होते. जुने चित्रण वापरल्याने खर्च वाचे, आणि ठरलेला माल ठरलेल्या वेळी द्यावा, ही व्यापाराची नीती आहेच. परंतु पुढे काय झाले, तेही जमाखर्चात मांडले पाहिजे. १९५८ च्या आरंभी हे लघुपट दूरचित्रवाणीवर येऊ लागले. जे वर्षांच्या अंतराने पाहिले जाणार होते, ते मुलांपुढे एकामागून एक येऊ लागले. कोणता पाइप कोणत्या सालचा, हे पोरेही ओळखू लागली. पाठमोऱ्या नटाचा प्रकार इतका प्रसिद्ध झाला की दिग्दर्शक सॅम रायमी यांनी ‘द ईव्हिल डेड’च्या श्रेयनामावलीत अशा बदली नटांना ‘फेक शेम्प’ म्हणजे तोतया शेम्प हेच नाव दिले. गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येऊन दोन पुड्या ताडून पाहणार नाही, या हिशेबावर केलेला व्यवहार अखेरीस उघडा पडतोच.

अलीकडच्या काळात, २०१२ साली, फॅरेली बंधूंनी नव्या नटांना घेऊन ‘द थ्री स्टुजेस’ काढला आणि जुन्या लघुपटांची आठवण म्हणून त्याची तीन भागांत मांडणी केली. नटांनी हावभाव आणि आवाज थक्क करणाऱ्या बारकाईने उचलले आहेत. चित्रपटाच्या शेवटी मारामारीत वापरलेले हातोडे खोटे होते, मुलांनी घरी असे करू नये, हेही समजावून सांगितले आहे. मुलाबाळांच्या घरात ही सूचना स्वागतार्हच ठरावी. तरी हुबेहूब नक्कल पाहताना मन सारखे मूळ नटांकडे धावते. शेम्पने १९४९ साली केले, ते याहून साधे होते. धाकट्या भावाची जागा घेताना त्याने भावाचे सोंग घेतले नाही.

या सगळ्या जोड्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. नवी आवृत्ती सरस ठरली, तेथे कोणीतरी आधी विचारले होते की मूळ कृतीत कशाला हसू आले आणि काय उणे राहिले. त्या विचारातून ओझे बदलले, प्राणी बदलला, नटांच्या जागा बदलल्या. जेथे फक्त किती वाचेल एवढेच विचारले गेले, तेथे हसू पातळ झाले. पैसा थोडा होता हे कारण नव्हे. आवाज असलेला पियानो हा खर्चापेक्षा विचाराचा भाग होता.

आणखी एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. नवे सरस झाले म्हणून जुने टाकाऊ होत नाही. लॉरेलच्या वडिलांनी लिहिलेल्या एका नाट्यप्रवेशावरून १९२७ मध्ये ‘डक सूप’ हा लघुपट निघाला आणि १९३० मध्ये ‘अनदर फाइन मेस’ या नावाने त्याचा बोलपट झाला. बोलपटात लॉरेल नोकर आणि मोलकरीण अशी दोन्ही सोंगे घेतो. मोलकरणीच्या वेषात थेल्मा टॉड यांच्याशी त्याची जी गप्पाटप्पा रंगते, ती मूकपटात शक्यच नव्हती. म्हणून तो सरस मानला गेला. मूळ ‘डक सूप’ अनेक वर्षे हरवलेला होता. १९७०च्या दशकात तो सापडला, तेव्हा दिसले की ज्या जोडीची सुरुवात नंतरची समजली जात होती, ती तेव्हाच बरीचशी घडलेली होती. नव्या आवृत्तीतून हे कधीच कळले नसते. ‘हॅट्स ऑफ’ला मात्र ते भाग्य लाभलेले नाही. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही, उरली आहेत ती काही छायाचित्रे आणि वर्णने. त्यामुळे ‘द म्युझिक बॉक्स’ त्याच्याहून सरस आहे, हा निवाडा एका पक्षाच्या गैरहजेरीत दिलेला आहे, हे विसरता येत नाही.

ज्या जोड्यांच्या दोन्ही बाजू उपलब्ध आहेत, त्या तरी घराघरांतून एकत्र पाहिल्या जाव्यात. एखाद्या रविवारी दुपारी ‘अँगोरा लव्ह’ आणि त्यामागोमाग ‘लाफिंग ग्रेव्ही’ लावावा. दोन्ही मिळून तासाभराच्या आत संपतात. शेळी अधिक आवडली की कुत्रा, हे लहानांना आधी सांगू द्यावे आणि तसे का वाटले तेही विचारावे. बर्फात बाहेर काढलेल्या कुत्र्याची गोष्ट त्यांच्यापैकी कोणीतरी स्वतःहून काढील. मूळ आणि नवे यांतला फरक एवढ्यानेच त्याला पुष्कळसा कळलेला असेल.